विद्यापीठात विद्युतचुंबकीय आणि दळणवळण संशोधनाची प्रयोगशाळा उभी करायची आहे. पैसे कशावर घालवावेत?

तरंगिणी
नमस्कार मंडळी. मराठवाड्यातल्या एका राज्य विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागात शिकवते. केंद्राच्या एका योजनेतून आम्हाला उपकरणांसाठी साधारण ७० लाख मंजूर झाले आहेत. पहिल्या मजल्यावरची ३० बाय २० फुटांची खोली मिळाली आहे. तीत सध्या मोडकी बाकं आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत.

काम दोन प्रकारचं. एक म्हणजे अँटेना: बहुतेक ६ गिगाहर्ट्झच्या खाली, पण दोन विद्यार्थी एक्स-बँडमध्ये (साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्झ) आहेत. दुसरं सॉफ्टवेअर रेडिओवरचे (ज्याचं बरंचसं काम संगणकातला प्रोग्राम करतो) प्रयोग. पीएचडीचे चार जण, आणि एम.एस्सी.चं प्रात्यक्षिकही त्याच खोलीत होणार.

माझ्या डोक्यातली यादी अशी: २६.५ गिगाहर्ट्झपर्यंतचा व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर (व्हीएनए; अँटेना किंवा सर्किट किती लहर परत फेकतं आणि किती पुढे सोडतं ते मोजणारं यंत्र, निम्मे पैसे इथेच), एक स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर (कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारा), छोटा अ‍ॅनेकोइक चेंबर (आतून लहरी शोषणारा फोम लावलेली खोली), सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं लायसन, दोन चांगले सॉफ्टवेअर रेडिओ. बेरीज ७० च्या वर जाते, म्हणून काहीतरी गाळावं लागणार. विभागात दोन तट आहेत. एक म्हणतो मोठं एकच घ्या, नॅकच्या समितीला दाखवता येतं. दुसरा म्हणतो लहान लहान भरपूर घ्या, पोरांचे हात लागू देत. ज्यांनी अशी लॅब उभी केली आहे किंवा असल्या लॅबमध्ये आयुष्य काढलं आहे, त्यांनी लिहावं.

नऊ_गिगा
व्हीएनए घ्या आणि बाकी सगळं विसरा. पीएचडी करतोय, दर मोजणीसाठी रात्रीच्या गाडीने दुसऱ्या शहरात जावं लागतं. तिथे दोन तासांचा स्लॉट मिळतो, त्यातला पाऊण तास कॅलिब्रेशनमध्येच (मोजणीआधी मशीनच्या चुका काढण्यात) जातो.

टवाळ_टाळकं
उत्तरपत्रिकांचे गठ्ठे फेकू नका, भिंतीला लावा. विद्यार्थ्यांचे कष्ट त्यांनी आधीच शोषलेत, लहरी किस झाड की पत्ती.

अनिवासी_भाऊ
नेदरलँड्समध्ये आरएफ (रेडिओ फ्रिक्वेन्सी) चाचणीच्या क्षेत्रात आहे. ताई, तुमच्या यादीत मला एक गोष्ट दिसली नाही, आणि ती बहुतेक विद्यापीठांच्या यादीत नसते: केबल, कॅलिब्रेशन किट, अडॅप्टर, टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच नट आवळणारा). व्हीएनएच्या किमतीच्या निदान १५ ते २० टक्के रक्कम यासाठी बाजूला काढा. हे नसेल तर तो महागडा डबा फक्त चुकीचे आकडे पुष्कळ दशांशांत दाखवतो.

कनेक्टरचं बघा. साधा एसएमए (केबलच्या टोकाचा छोटा आट्यांचा कनेक्टर) साधारण १८ गिगाहर्ट्झपर्यंत धरा. ३.५ मिलिमीटरचा २६.५ पर्यंत, २.९२ चा ४० पर्यंत, २.४ चा ५० पर्यंत आणि १.८५ चा ६७ पर्यंत. एसएमए, ३.५ आणि २.९२ एकमेकांत बसतात. २.४ आणि १.८५ आपसांत बसतात, पण एसएमएत नाही. कोणी जोर लावून बसवायला गेलं की दोन्हींचा सत्यानाश. एन-टाईपमध्ये अजून एक फसगत आहे. ५० ओहमचा आणि ७५ ओहमचा बाहेरून सारखेच दिसतात, पण ५० च्या नराची पिन जाड असते आणि ती ७५ च्या मादीची आतली बोटं फाकवते. तुमच्याकडे केबल टीव्हीच्या काळातलं काही पडलं असेल तर आधी वेगळ्या खोक्यात टाका.

स्वस्त एसएमए साधारण ५०० वेळा लावण्या-काढण्याच्या हिशेबाने बनवलेला असतो. एम.एस्सी.ची एक तुकडी एका सत्रात तो सहज संपवते. म्हणून मशीनच्या पोर्टवर कायम एक पोर्ट-सेव्हर (मधे लावायचा छोटा अडॅप्टर) ठेवायचा, झिजला की तो फेकायचा. मशीनचा स्वतःचा पोर्ट बदलायची वेळ आली तर खर्च ऐकून कुलसचिव खुर्चीतून उठतील.

लॅबवाले_नाना
भाऊंशी शंभर टक्के सहमत. मी प्रयोगशाळा सहायक म्हणून निवृत्त झालो. पोरं कनेक्टरचं नट फिरवायच्या ऐवजी अख्खी केबल फिरवतात. आतली पिन भोकात घासत जाते, तिचा कीस पडतो. दारावर पाटीच लावली होती, "नट फिरवा, केबल नको". तरी फिरवायचे. शेवटी पाना साखळीने टेबलाला बांधला, आणि चावी माझ्या खिशात.

खारघरकर
चेंबरबद्दल लिहितो, कारण पैसे तिथेच वाया जातात.

लोकांना वाटतं फ्रिक्वेन्सी जितकी जास्त तितका चेंबर महाग. उलटं आहे. किंमत ठरते ती खालच्या टोकावर. कार्बन घातलेल्या फोमचे ते निळे सुळके तरंगलांबीच्या मानाने पुरेसे उंच हवेत. १० गिगाहर्ट्झला तरंगलांबी ३ सेंटिमीटर, तिथे वीतभर सुळका भरपूर झाला. ७०० मेगाहर्ट्झला तीच ४३ सेंटिमीटर होते. त्यासाठीचे सुळके चारी भिंतींना, छताला आणि जमिनीला लावले तर तुमच्या २० फुटी खोलीत मधे उभं राहायला जागा उरणार नाही.

अंतराचं गणित बरोबर याच्या विरुद्ध जातं. दूरक्षेत्रासाठी (जिथे लाट जवळजवळ सपाट होते) अंतर दोन डी वर्ग भागिले लॅम्डा; डी म्हणजे अँटेनाचा आकार, लॅम्डा म्हणजे तरंगलांबी. २० सेंटिमीटरची अँटेना १० गिगाहर्ट्झला मोजायची तर सुमारे २.७ मीटर. तुमच्या खोलीत ते आरामात बसतं. म्हणून माझं मत, चेंबर फक्त एक्स-बँडपुरता करा, फार तर ३ गिगाहर्ट्झपासून वर. विक्रेता "०.५ ते ४० गिगाहर्ट्झ" असं पत्रक हातात देईल. त्याला एकच प्रश्न विचारा: ५०० मेगाहर्ट्झला क्वाएट झोनमध्ये (अँटेना ठेवायच्या जागेत) परावर्तन किती डीबी खाली, आणि ते इथे बसवल्यावर मोजून दाखवणार का?

अजून एक. शील्डिंग (बाहेरच्या लहरी अडवणारं धातूचं कवच) हवंय का ते आधी ठरवा. शील्ड म्हटलं की दाराला बोटांच्या पट्ट्या, हवेसाठी मधमाशीच्या पोळ्यासारख्या जाळ्या, विजेला फिल्टर, सगळं आलं, आणि खर्च पार बदलतो. व्हीएनएने पॅटर्न (अँटेना कुठल्या दिशेला किती ऊर्जा टाकते ते) मोजायला शील्ड सहसा लागत नाही, त्याचा रिसीव्हर मुळात अरुंद पट्टीचा असतो. २.४ गिगाहर्ट्झवर शेजारच्या ऑफिसातला वायफाय त्रास देईल, तर मोजणीपुरता बंद करायला सांगा.

टवाळ_टाळकं
शील्ड हवंच. आमच्या कॉलेजात विभागप्रमुख दुपारी दोन ते चार तिथेच असायचे. प्राचार्यांचा फोन लागायचा नाही.

संगमेश्वरी
कोकणातून. खारघरकरांनी उंदरांचा उल्लेख केला नाही! आमच्या शोषकांच्या मागे बिऱ्हाड झालं होतं. फोम मऊ, उबदार, काळोख, त्यांना अजून काय हवं. शिवाय पावसाळ्यात दमटपणा. डीह्युमिडिफायर सुट्टीत बंद केला की जूनमध्ये सुळक्यांची टोकं पिठासारखी झडायला लागतात. केबल जाण्याच्या प्रत्येक भोकाला बारीक जाळी लावा.

आणि फोम अग्निरोधक असल्याचा दाखला मागून घ्या. चेंबरमध्ये सोल्डरिंग सक्त मना.

जुना_रेपेलर
सगळे नव्याच्या मागे. तुमच्या विभागात क्लिस्ट्रॉनचा (मायक्रोवेव्ह लहरी काढणाऱ्या जुन्या निर्वात नळीचा) बाक असेलच, महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक कॉलेजात आहे. तो भंगारात काढू नका.

मी त्यावर कित्येक वर्षं शिकवलं. २के२५ नळी, आधी रेपेलरचा व्होल्टेज, मग बीम, पंखा चालू आहे ना बघायचं. १ किलोहर्ट्झचं मॉड्युलेशन. मग स्लॉटेड लाईनवर (खाच असलेल्या वेव्हगाइडवर, म्हणजे लहरी नेणाऱ्या पोकळ पितळी नळीवर) प्रोब सरकवत न्यायचा आणि व्हीएसडब्ल्यूआर मीटरची (उभ्या लाटेचा चढउतार दाखवणारी) सुई पडते कुठे ते पट्टीवर वाचायचं. ९.४ गिगाहर्ट्झला हवेत तरंगलांबी ३.१९ सेंटिमीटर, पण २२.८६ बाय १०.१६ मिलिमीटरच्या त्या पितळी नळीत ती ४.४५ होते. मुलगा दोन मिनिमांमधलं अंतर मोजतो, सव्वादोन सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे तरंगलांबीच्या निम्मं येतं, आणि त्याला पटतं की नळीत लाट लांबते. व्हीएनएच्या पडद्यावर मार्कर ठेवून हे पटत नाही. पडदा जे दाखवेल ते पोरगं लिहून घेतं.

नऊ_गिगा
काका, आदर आहे. पण आमच्या बॅचला त्या बाकावर सुई पडलेली कधी दिसलीच नाही. क्लिस्ट्रॉनची नळी मेलेली होती आणि मागच्या वर्षीची जर्नल उतरवून आम्ही पास झालो. स्लॉटेड लाईन ठेवा, क्लिस्ट्रॉन काढा, त्या जागी गन ऑसिलेटर (अर्धवाहकाचा छोटा मायक्रोवेव्ह स्रोत) लावा. ३०० व्होल्टही नको नि पंखाही नको.

जुना_रेपेलर
नळी मेली ती निगा न राखल्याने. पण गनला माझी हरकत नाही.

हिशेबनीस
तांत्रिक मंडळींनी पैशांचं काहीच लिहिलं नाही म्हणून मी. विद्यापीठाच्या लेखा विभागात आहे.

७० लाख म्हणजे तुमच्या हातात ७० लाख नाहीत. सार्वजनिक संशोधन संस्थांना वैज्ञानिक उपकरणांवर पूर्वी ५ टक्के जीएसटी होता. जुलै २०२२ पासून ती सवलत गेली, आता १८ टक्के धरा. म्हणजे मूळ किंमत ५९ लाखांच्या आसपास. सीमाशुल्काच्या सवलतीसाठी तुमच्या विद्यापीठाची डीएसआयआरकडे (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाकडे) नोंदणी चालू आहे का ते आजच बघा. मुदत संपलेली असते आणि माल विमानतळावर येऊन पडल्यावर सगळ्यांना आठवतं.

दुसरं, स्पेसिफिकेशन. एल-१ म्हणजे सर्वांत कमी दराचा पुरवठादार. तुम्ही "२६.५ गिगाहर्ट्झचा व्हीएनए, दोन पोर्ट" एवढंच लिहिलंत तर एल-१ तेवढंच देईल, केबल नाही, किट नाही. भाऊ म्हणतात ते सगळं त्याच निविदेत, त्याच ओळीत घाला. नंतर वेगळं मागितलं तर "हे आधी का सुचलं नाही" असं टिपण मीच लिहीन. एकाच कंपनीचं हवं असेल तर मालकी वस्तूचं (ती फक्त त्याच कंपनीकडे मिळते असं) प्रमाणपत्र लागतं, आणि लेखापरीक्षक त्यावर हमखास बोट ठेवतात.

तिसरं. जून २०२५ मध्ये केंद्राने वैज्ञानिक खात्यांच्या संस्थांसाठी खरेदीच्या मर्यादा वाढवल्या. थेट खरेदी १ लाखावरून २ लाख, समितीमार्फत १० वरून २५ लाख. पण राज्य विद्यापीठाला ते आपोआप लागू होतं असं समजू नका. मंजुरीपत्रातल्या अटी आणि तुमचे वित्त अधिकारी, दोघांनाही विचारा.

तरंगिणी
हिशेबनीस, १८ टक्क्यांनी झोप उडाली. विक्रेत्याने दर "करांव्यतिरिक्त" असं खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं.

चेंबरबद्दल खारघरकरांचं पटलं. पण मग ६ गिगाहर्ट्झच्या खालच्या अँटेना मोजायच्या कुठे? टाइम-गेटिंगने (उशिरा पोहोचणाऱ्या लाटा वेळेनुसार वगळून) भिंतींची परावर्तनं कापता येतात असं वाचलं होतं.

अनिवासी_भाऊ
येतात, पण अँटेनाची बँडविड्थ (चालण्याचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) पुरेशी असेल तर. वेगळं काढण्याची क्षमता म्हणजे ढोबळमानाने प्रकाशाचा वेग भागिले बँडविड्थ. २ गिगाहर्ट्झ रुंद व्हिवाल्डी अँटेना असेल तर १५ सेंटिमीटर, म्हणजे भिंतीवरून मीटरभर जास्त फिरून आलेली लाट सहज बाजूला काढाल. पण तुमचा २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच (सपाट छापील अँटेना) ६० मेगाहर्ट्झपुरताच चालत असेल तर तोच आकडा ५ मीटर होतो. मग गेट कशाला लावणार? थेट लाट आणि भिंतीची लाट एकाच ढिगात असतात. गेट लावलेले पॅचचे सुंदर गुळगुळीत पॅटर्न निबंधांत पुष्कळ छापून येतात, त्यांच्याकडे जरा संशयाने बघा.

खारघरकर
+१. यावर जुना उपाय गच्ची. विद्यापीठाची असेल तर कठड्यापासून लांब, पीव्हीसीचा किंवा लाकडी खांब, अँटेनाखाली थर्माकोल. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, कारण केबल तापली की फेज सरकते. दोन हॉर्न (कर्ण्याच्या आकाराच्या अँटेना) आणि तुमची अँटेना घेऊन तीन-अँटेना पद्धतीने (जोडीजोडीने मोजून) गेन, म्हणजे एका दिशेला ऊर्जा एकवटण्याची क्षमता, काढा. आधी कागदावर करा: २.४ गिगाहर्ट्झला ३ मीटरवर मोकळ्या जागेतला क्षय साधारण ४९.६ डीबी. अँटेनांचा गेन धरून मोजलेलं याच्या जवळपास येत नसेल तर अँटेनाला दोष देण्याआधी खांबाला द्या.

अंतिम, प्रकाशनाच्या मोजणीसाठी बाहेर जा. समीर या केंद्र सरकारच्या मायक्रोवेव्ह संशोधन संस्थेची केंद्रं आहेत, मुंबई परिसरात आणि चेन्नई, कोलकात्याला. आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची उपकरणं दिसतात, शुल्क भरून वेळ मिळतो. वर्षातून चार दिवस लागणाऱ्या गोष्टीसाठी निम्मी खोली आणि तिसरा हिस्सा पैसे अडकवू नका.

नऊ_गिगा
चार दिवस?? खारघरकर, तुम्ही काउंटरच्या त्या बाजूला, मोजणी करून देणाऱ्यांत आहात म्हणून सोपं वाटतं. स्लॉट तीन महिन्यांनी मिळतो. तिथे गेल्यावर कळतं की अँटेना ५० मेगाहर्ट्झ सरकली आहे, की परत घरी, परत पीसीबी, परत तीन महिने.

खारघरकर
म्हणूनच व्हीएनए घरचा हवा, चेंबर नाही. ५० मेगाहर्ट्झ सरकलंय हे रिटर्न लॉसच (परत फेकल्या गेलेल्या लहरीचं माप) सांगतो, त्याला चेंबर लागत नाही. आणि सरकली कारण तुम्ही एफआर-४ वर (पीसीबीच्या स्वस्त शीटवर) केली. परमिटिव्हिटी (शीटमध्ये लहर किती मंदावते ते ठरवणारा आकडा) ४.४ धरलीत आणि शीट ४.२ ची निघाली की २.४५ वर तेवढाच फरक पडतो. पॅचची बँडविड्थही जेमतेम तेवढीच. आधी त्याच शीटवर एक रिंग रेझोनेटर (कड्याच्या आकाराचं चाचणी सर्किट) करून खरी किंमत काढा, मग डिझाइन.

नऊ_गिगा
हे मात्र आमच्या गाईडने सांगितलं नव्हतं.

व्हीयू२_वाला
हौशी रेडिओवाला आहे, अभियंता नाही, तरी दोन पैसे टाकतो. प्रात्यक्षिकाला मोठा व्हीएनए पोरांच्या हातात कोणी देणार नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. तो काचेमागे राहणार आणि पीएचडीवाले तेवढे वापरणार. नॅनोव्हीएनए (हातात मावणारा छोटा व्हीएनए) घ्या, काही हजारांत येतो, दर टेबलाला एक. तेच एस-११ (परावर्तनाचं माप), तेच स्मिथ चार्ट (त्याचा गोल आलेख), तेच शॉर्ट-ओपन-लोडचं कॅलिब्रेशन. मोडला तर कोणाची चौकशी लागत नाही.

फक्त मर्यादा सांगून द्या. जुना मूळ प्रकार ३०० मेगाहर्ट्झच्या वर हार्मॉनिकवर (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटींवर) चालतो, तिथे डायनॅमिक रेंज (किती मंद सिग्नल मोजता येतो ते) पडते. ३ किंवा ६ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारे नंतरचे प्रकार मिळतात, २.४ च्या अँटेनाला ते बघा.

रेडिओंचंही तसंच. दोन महागडे यूएसआरपी (सॉफ्टवेअर रेडिओची एक मालिका) घेण्यापेक्षा त्यातलाच एक बी२१० आणि आठ-दहा प्लूटो (छोटे, स्वस्त सॉफ्टवेअर रेडिओ). प्लूटो कागदावर ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ, १२ बिट, एकाच वेळी पाठवतो आणि ऐकतो. नुसतं ऐकायला आरटीएल-एसडीआर, ८ बिट, साधारण २४ मेगाहर्ट्झ ते १.७ गिगाहर्ट्झ. ग्नू रेडिओ हे सॉफ्टवेअर फुकट. पहिल्याच दिवशी एफएम ऐकवा, आकाशवाणी लागली की वर्ग जागा होतो. नंतर १३७ मेगाहर्ट्झवर नोआ या अमेरिकी संस्थेचे हवामान उपग्रह पकडा, चित्र उमटताना बघायला मजा येते.

खोडदची_पोर
नोआ १५, १८ आणि १९ तिन्ही २०२५ मध्ये बंद केले. आता त्या पट्ट्यात रशियाचे मेटिऑर आहेत, त्यांचं प्रसारण डिजिटल आहे. एका अर्थी दळणवळणाच्या प्रयोगाला ते जास्त बरं, क्यूपीएसके (लहरीच्या चार फेजांवर माहिती चढवायची पद्धत) उलगडायला मिळतं.

आणि तरंगिणीताई, विद्यार्थ्यांना घेऊन एकदा खोडदला या. नारायणगावजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा मध्यभागी आणि सोळा तीन फाट्यांवर, २५ किलोमीटरवर पसरलेल्या. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, आसपासच्या शाळा लोटतात. तारेच्या जाळीची तबकडी दोरीसारख्या तारांनी ताणून धरायची ही दुर्बिणीचे जनक गोविंद स्वरूप यांची कल्पना इतक्या कमी पैशांत कशी उभी राहिली ते समोर उभं राहून बघावं. २०२० मध्ये जीएमआरटीला आयईईई या अभियंत्यांच्या जागतिक संघटनेचा माइलस्टोन मिळाला.

टवाळ_टाळकं
धागा आता सहलीकडे वळला. डबा कोण आणणार?

खोडदची_पोर
मिसळ आमच्याकडे. पण मुद्दा सहलीचा नाही. पत्र्याचं हॉर्न, एक एलएनए (कमी नॉईजचा अ‍ॅम्प्लिफायर), फिल्टर आणि आरटीएल-एसडीआर एवढ्यावर १४२०.४ मेगाहर्ट्झची हायड्रोजनची रेषा दिसते. नॉईज फिगर (रिसीव्हर स्वतःचा किती नॉईज घालतो ते) म्हणजे काय हे त्या एका प्रयोगात कळतं. गरम जमिनीकडे हॉर्न, मग थंड आकाशाकडे, आणि दोन आकड्यांचं गुणोत्तर. वाय-फॅक्टर पद्धत तीच. तुमच्या ७० लाखांत हा खर्च दिसणारही नाही.

संगमेश्वरी
प्लूटोबद्दल एक भर. प्रत्येकाचं क्रिस्टल वेगळं. २० पीपीएमची (दहा लाखांत वीस) चूक २.४ गिगाहर्ट्झला ४८ किलोहर्ट्झ होते. सिम्युलेशनमध्ये सुबक चार ठिपक्यांचं क्यूपीएसके बघितलेल्या मुलांना इथे गरगर फिरणारं कडं दिसतं. हे मी मुद्दाम होऊ देते. वाहक दुरुस्ती (फ्रिक्वेन्सीतला हा फरक काढणं) कशासाठी शिकायची ते तेव्हा कळतं. संशोधनाला मात्र १० मेगाहर्ट्झचा एक चांगला संदर्भ हवा, जीपीएसला बांधलेला.

व्हीयू२_वाला
नोआचं माहीत नव्हतं, आभार.

कायद्याचं पण लिहून ठेवतो. हवेत काहीही सोडायला मोकळीक नाही. ८६५ मेगाहर्ट्झचा पट्टा, २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ, ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, असे काही पट्टे ठराविक शक्तीपर्यंत परवानामुक्त आहेत. बाकी सगळ्याला डब्ल्यूपीसीचा (दूरसंचार खात्याच्या स्पेक्ट्रम विभागाचा) प्रायोगिक परवाना. मोबाइलच्या पट्ट्यात स्वतःचा ५जी सेल चालवून बघायचाय तर केबल आणि अटेन्युएटरमधूनच (सिग्नल क्षीण करणाऱ्या तुकड्यातूनच), अँटेना लावायची नाही. तुम्ही स्वतः हौशी रेडिओची परीक्षा द्या मॅडम, १४४ आणि ४३४ मेगाहर्ट्झचे पट्टे मिळतील.

लॅबवाले_नाना
अटेन्युएटरवरून आठवलं. एका ठिकाणी पॉवर अ‍ॅम्प्लिफायरचं आउटपुट थेट स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझरला जोडलं होतं. एक क्षण. दुरुस्तीचं कोटेशन नव्याच्या निम्म्याला आलं आणि मशीन आजही कपाटावर आहे, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये मात्र "चालू". ३० डीबीचा अटेन्युएटर आणि डीसी ब्लॉक मशीनच्या तोंडावर कायम लावून ठेवायचा. काढायचा असेल तर वहीत सही करायची.

दुसरं अर्थिंग. जुन्या इमारतीत न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावून बघा, दोन व्होल्टच्या वर असेल तर मशीनचं खोकं उघडूच नका. वेगळा अर्थ पिट, ऑनलाईन यूपीएस, एसी. एसी विभागप्रमुखांच्या केबिनला जाता कामा नये.

नऊ_गिगा
सॉफ्टवेअरवर कोणीच बोललं नाही.

अनिवासी_भाऊ
कारण लायसन संपतं, मशीन राहतं. तीन वर्षांचं लायसन घेतलं आणि योजना संपली की चौथ्या वर्षी सगळी डिझाइनं उघडतच नाहीत, असं व्हायला नको. एक व्यावसायिक पॅकेज घ्या, नाही म्हणत नाही, पण शिकवायला ओपनईएमएस आणि एनईसी वापरा. फुकट आहेत. वर्कस्टेशन घेताना गणनेच्या पद्धतीप्रमाणे बघा: फायनाइट एलिमेंटसाठी रॅम भरपूर, एफडीटीडीसाठी ग्राफिक्स कार्डची मेमरी.

जुना_रेपेलर
१८९५ मध्ये कोलकात्यात जगदीशचंद्र बसूंनी ५ मिलिमीटरच्या आसपासच्या लहरी स्वतः घडवलेल्या सामानाने काढल्या. तागाच्या दोऱ्यांचा पोलरायझर (लहरीच्या कंपनाच्या दिशेवर काम करणारा) होता. त्यांना कोणी विचारलं नाही लायसन किती वर्षांचं.

टवाळ_टाळकं
त्यांना नॅकची समितीही नव्हती काका.

तरंगिणी
सगळं वाचून काल विभागात बसलो. आता यादी अशी फिरली आहे. व्हीएनए राहिला, पण २६.५ ऐवजी १४ गिगाहर्ट्झचा, कारण आमचं काम १२.४ च्या पुढे जात नाही. "पुढे कधी लागलं तर" एवढ्यासाठी दुप्पट पैसे द्यायला आता कोणी तयार नाही. त्याच निविदेत मेकॅनिकल कॅल किट, दोन फेज-स्थिर केबल, पोर्ट-सेव्हर, टॉर्क पाने आणि जागेवरचं प्रशिक्षण. चेंबर वगळला. त्याऐवजी खोलीच्या एका कोपऱ्यात एक्स-बँडपुरते शोषक, फिरतं टेबल, दोन हॉर्न. गच्चीसाठी खांब. स्पेक्ट्रम अ‍ॅनलायझर ७.५ पर्यंतचा. दहा प्लूटो, एक बी२१०, बारा लहान व्हीएनए. क्लिस्ट्रॉनचा बाक राहतोय, गनसकट.

मोठं एकच घ्या म्हणणारे सर अजून नाराज आहेत. समिती येईल तेव्हा शोषकांचा निळा कोपरा दाखवू म्हटलं, तेव्हा जरा विरघळले.

हिशेबनीस
दोन गोष्टी राहिल्या. वार्षिक कॅलिब्रेशनचा आणि तीन वर्षांनंतरच्या देखभाल कराराचा खर्च उपकरणांच्या अनुदानातून सहसा निघत नाही. विद्यापीठाच्या स्वनिधीत आत्ताच एक ओळ घालून घ्या. आणि पुरवठा आदेश डिसेंबरच्या आत. आयातीला वेळ लागतो, ३१ मार्चला खोकं आलं नसेल तर उपयोगिता प्रमाणपत्र कशाचं देणार?

खारघरकर
१४ चा निर्णय चांगला. फक्त एक्स-बँडवाल्यांपैकी कोणी हार्मॉनिक मोजणार असेल तर आत्ता विचारा, ९ चा दुसरा हार्मॉनिक १८ ला पडतो.

तरंगिणी
विचारलं. एकजण मिक्सर (दोन फ्रिक्वेन्सी मिसळणारं सर्किट) करतोय, पण तो म्हणतो १८ साठी बाहेर जाईन. लेखी घेतलंय!

लॅबवाले_नाना
मॅडम, चावी कोणाकडे राहणार ते ठरलं का? सहायकाचं पद रिकामं असेल तर आधी ते भरा.

तरंगिणी
पद रिकामंच आहे नाना. सध्या पीएचडीवाल्यांत पाळी लावली आहे, आणि वही ठेवली आहे.

नऊ_गिगा
एक शेवटचा प्रश्न, पाना एकच पुरतो का? ३.५ आणि एसएमए दोन्हीचं नट सारखंच दिसतं.

अनिवासी_भाऊ
नट सारखंच, ८ मिलिमीटरचा पाना दोन्हीला बसतो. जोर वेगळा. पितळी एसएमएला ०.५६ न्यूटन-मीटर, ३.५ ला ०.९. दोन पाने घ्या आणि मुठींना वेगळ्या रंगांची टेप गुंडाळा.